शेरा: दुखापत

कबड्डीच्या गुणपत्रकावर तळाशी शेऱ्यासाठी दोन ओळी सोडलेल्या असतात. पंचवीस वर्षांच्या पंचगिरीत मी त्या क्वचितच भरल्या. वीज गेली, अवकाळी आला, एखादा संघ चिडून मैदान सोडून गेला, तर तेवढं लिहायचं. यंदा आमच्या तालुका लीगच्या अंतिम सामन्याच्या पत्रकावर मी लिहिलं, 'खेळाडू क्र. 7, उजव्या घोट्यास दुखापत, खेळू शकत नाही.' खाली सही, सरपंच म्हणून.

त्या घोट्याला काहीही झालेलं नव्हतं.

सरपंच म्हणजे ग्रामपंचायतीचा नाही. कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. एका गावी सामने आटोपल्यावर एका म्हातारबांनी माझ्या हातात पांदण रस्त्याचा अर्ज दिला होता, तेव्हापासून मी हे आधीच सांगून टाकतो. पोटापाण्यासाठी मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या कॉलेजातून शिकून आलो तेव्हा वाटलं होतं की पोरं घडवीन. निम्मं आयुष्य मतदार याद्या आणि ऑनलाइन माहिती भरण्यात गेलं. जे काही घडवलं ते सकाळी सहा ते आठ, शाळा भरायच्या आधी.

गाव, तालुका, संघ यांची नावं घेणार नाही. ओळख उघड होईल असे तपशील बदलले आहेत. आणि हे जिच्याबद्दल आहे तिला विचारून लिहितो आहे.

आमच्याकडे कापूस घरात आला, तूर निघाली की सामने सुरू होतात. पूर्वी गावोगावचे खुले सामने असत, मातीवर, पहाटेपर्यंत चालणारे. 2014 ला प्रो कबड्डी टीव्हीवर आली आणि पोरांना मॅट हवी झाली, मालकांना लिलाव. आता आमच्याही तालुक्यात आठ संघ आहेत. मालक कोण? कृषी केंद्रवाले, पेट्रोल पंपवाले, रस्त्याचे ठेकेदार. शाळेच्या हॉलमध्ये लिलाव होतो आणि पोरं भिंतीला टेकून स्वतःची बोली ऐकतात. मला ते बघवत नाही, पण मी माइकच्या शेजारीच बसलेला असतो. यंदा सगळ्यात महाग गेला तो क्रमांक सात, 41 हजारांना. डावीकडून चढाई करणारा, उंच, पायाचा लांब. बोनस घेताना मागचा पाय हवेत ठेवण्याची त्याची सवय इतकी पक्की होती की मी शाळेतल्या पोरांना त्याचंच उदाहरण द्यायचो. समोर सहा किंवा सात गडी असले तरच बोनस मिळतो, पुढचा पाय रेषेपलीकडे पडताना मागचा जमिनीला लागलेला नको. परीक्षा पास झालेल्या पंचांनाही हे दिसत नाही. ते प्रेक्षकांच्या आवाजावर हात वर करतात.

मॅट भाड्याची. तुकडे एकमेकांत बसवायचे, सांधे पायाने दाबून तपासायचे. एक सांधा उचललेला राहिला की कोणाचा तरी गुडघा गेलाच. फेब्रुवारीत रात्री नऊनंतर दहिवर पडतं, मॅटवर तेल ओतल्यासारखं होतं. दर पाच मिनिटांनी खेळ थांबवून दोन पोरं टॉवेल घेऊन लोळत मॅट पुसतात. खेळाडूंचं वजन कृषी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर होतं, जिथे एरवी कापूस मोजतात. मॅटवर सोडण्याआधी प्रत्येकाची नखं बघायची, गंडेदोरे-अंगठ्या काढायला लावायच्या, अंगाला तेल लावलंय का ते हात फिरवून बघायचं. केस ओढले, तोंड दाबून दम तोडला, पायांची कात्री घातली, कपडा धरून खेचलं, या सगळ्याला नियम आहे. हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामना संपला. तेरा बाय दहा मीटरमध्ये माणसाने माणसाला कुठे धरायचं आणि कुठे नाही, हे मी झोपेतही सांगीन.

ती माझी गुणलेखक. माझ्याच शाळेतली, आता बी.ए. दुसऱ्या वर्षाला. आधी खेळायची, गुडघ्याने दगा दिल्यावर मीच तिला टेबलावर बसवलं. दिवसाला 300 रुपये. गुणलेखनाला लोक कारकुनी समजतात. तीस सेकंदांची एक चढाई, त्यात किती गडी बाद, बोनस आला का, कोण उठलं, सलग दोन रिकाम्या गेल्यात का, पुढची 'करो या मरो' आहे का, हे सगळं मान वर ठेवून लिहायचं असतं. मान खाली गेली की एक पकड हुकते. बोनसची खूण वेगळी, लोणाची, म्हणजे अख्खा संघ बाद झाल्याची, वेगळी. या पोरीचं पत्रक असं असतं की सामना न पाहिलेला माणूस ते वाचून सामना उभा करील. उपांत्य सामन्यात एका संघाने दोन गुणांवरून भांडण काढलं, तेव्हा तिने पत्रकावरून सव्वीसाव्या मिनिटापासूनच्या चढाया एकेक वाचून दाखवल्या. मालक गप्प बसला. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

त्याच रात्री ते घडलं.

रात्री पंच आणि गुणलेखकांना घरी सोडायला आयोजकांनी एक मॅजिक गाडी लावलेली होती. त्या रात्री क्रमांक सात त्या गाडीत बसला. त्याची गाडी नव्हती ती. मी स्वतः मोटारसायकलने आलो होतो, तर त्याला चढताना मी पाहिलं आणि काही बोललो नाही. पहिल्या गावाला दोन पंच उतरले. मग फाट्यापर्यंत गाडीत ती, तो आणि ड्रायव्हर.

सकाळी साडेसहाला ती मैदानावर आली तेव्हा मला वाटलं पळायला आली. ती पोलीस भरतीची तयारी करते, रोज 800 मीटरची वेळ लावायची आणि मला सांगायची. त्या दिवशी तिने हातात एक कागद दिला. गुणपत्रकाची मागची कोरी बाजू होती.

'8.50 - गाडी मैदानावरून निघाली. 9.05 - पंच उतरले. 9.06 - तो मागच्या सीटवरून माझ्या शेजारी आला. मी सरकले. 9.08 -' असं. मोजक्या ओळी. शेवटची, '9.20 - फाटा. मी गाडी थांबवून उतरले. दीड किलोमीटर पायी.' खाली तारीख, सही. मधल्या ओळी इथे देत नाही. रडारड नव्हती, विशेषणं नव्हती. मीच शिकवलेलं लेखन होतं ते, जे झालं ते, ज्या क्रमाने झालं त्या क्रमाने.

"सर, आजच्या टेबलावर मी बसणार आहे ना?" एवढंच तिने विचारलं.

"बसशील बेटा," मी म्हणालो.

दहा वाजता स्टाफरूममध्ये लीगची बैठक बसली. सात जण, सातही पुरुष. दारावर आमच्या शाळेच्या सखी सावित्री समितीचा, म्हणजे मुलींच्या सुरक्षेसाठीच्या समितीचा, फलक आहे, सगळे त्याच्याखालून आत आले. तिला बोलावलं नव्हतं. त्याला बोलावलं नव्हतं. ड्रायव्हरला कोणी विचारलं नाही, आणि तो बाहेर कट्ट्यावर चहा पीत बसला होता.

मी कागद वाचला. जरा वेळ कोणी काही बोललं नाही. मग सचिव म्हणाले, "अहो, कबड्डीवालाच तो. हात धरनारच."

हसले लोक. मी हसलो नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. ओठ हलले होते, मला आठवतं.

"पन सर, हे मैदानाबाहेरचं हाय," अध्यक्ष म्हणाले. "आपल्या मॅटवर काई झालं असतं तर तुमी कार्ड दाखवलं असतं. गाडीत काय झालं, त्याले लीग काय करनार?"

त्यांच्यात एक तरुण होता, नागपूरला शिकलेला. तो म्हणाला, "भाऊ, 2019 मध्ये हार्दिक पांड्या अन् राहुलला टीव्हीवर नुसतं बोलले म्हणून ऑस्ट्रेलियातून परत बोलावलं होतं. वीस-वीस लाख दंड. तेही मैदानाबाहेरचंच होतं."

"ते बीसीसीआय हाय बाप्पा. आपलं काय, एक मॅट तेबी भाड्याची."

मग 'पोट्ट्याचं भविष्य' निघालं. तोही पोलीस भरतीच्या तयारीत. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, त्याच्याकडे प्रमाणपत्रं आहेत, एक गुन्हा नोंदला की चारित्र्य पडताळणीत सगळं गेलं. हे खरं आहे, मी नाकारत नाही. घरी कोरडवाहू दोन एकर आणि आजारी आई. पण त्याच भरतीला तीही बसणार होती. तासभराच्या बैठकीत तिचं भविष्य हा शब्द कोणाच्या तोंडून आला नाही, माझ्याही नाही.

तेवढ्यात तिचे वडील आले. कोणी निरोप दिला होता ते कळलं नाही. चप्पल दाराबाहेर काढून आत आले, बसा म्हटलं तरी उभेच राहिले. अध्यक्षांच्या कृषी केंद्रातून ते दरवर्षी बियाणं आणि खत उधार नेतात, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. हात जोडून म्हणाले, "भाऊ, आमाले काई नाई पायजे. पोट्टीचं नाव तेवढं बाहेर येऊ देऊ नोका."

आणि इथे मी बोललो. मालकाला संघ हवा होता, अध्यक्षांना सामना, बापाला अब्रू, मला तो पोरगा मॅटवर नको होता. मला एक तोड सुचली आणि सुचल्याचा अभिमानही वाटला. म्हणालो, "त्याला आज बसवू. कारण दुखापत म्हणून लिहू. कोणाचं नाव येणार नाही."

सगळ्यांचे चेहरे सुटले. मालकाने थोडी कुरकुर केली, मग मान हलवली. अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "म्हनूनच सर पायजेत." निघताना एवढं जोडलं, "आन् हो, आज टेबलावर दुसरं कोनी बसवा. उगीच समोरासमोर कायले?"

मी हो म्हणालो.

दुपारी चारला त्याला साहित्याच्या खोलीत बोलावलं. प्रथमोपचाराची पेटी माझ्याचकडे असते. क्रेप बँडेज घेतलं, त्याचा उजवा पाय माझ्या मांडीवर घेतला. घोटा बांधताना पावलापासून सुरुवात करायची, टाचेखालून घेऊन इंग्रजी आठसारखे वेढे द्यायचे, प्रत्येक वेढा आधीच्याच्या निम्म्यावर, बोटं मोकळी ठेवायची म्हणजे रक्त फिरतंय का ते दिसतं. शेकडो पाय बांधलेत. सुजलेला घोटा हाताला गरम लागतो, कातडी ताणलेली असते. हा थंड होता. हाडं दोन्ही बाजूंनी नीट लागत होती.

"सर, मी काई केलं नाई," तो म्हणाला.

मी वेढा देत होतो.

"मले कोनी विचारलं पन नाई."

हे बरोबर होतं. तिचा कागद तरी वाचला गेला, त्याला ते म्हणायलाही जागा मिळाली नव्हती. मी क्लिप लावली. "सर, थोडं सैल करा ना," म्हणाला, तेवढं केलं.

रात्रीचा सामना मी आयुष्यात विसरणार नाही, आणि त्यातल्या चढाया मला जवळपास आठवत नाहीत. आमच्याकडे प्रेक्षक चढाईवर बक्षीस लावतात, अमुककडून 501, तमुककडून 1100, आणि निवेदक ते माइकवर ओरडतो. निवेदन ही आमच्याकडे गळ्याची कला आहे, डोक्याचा तिच्याशी संबंध नाही. तो सुरूच झाला, "आपला वाघ आज जखमी हाय, पन संघासाठी मैदानात बसलेला हाय!" टाळ्या. बाकावर ट्रॅकसूटमध्ये बसलेल्या क्रमांक सातने हात वर केला. मग बक्षिसं सुरू झाली. जखमी वाघासाठी 501. जखमी वाघासाठी 1100. मध्यांतरात तो उभा राहिला आणि लंगडत पैसे घ्यायला गेला. लंगडण्याचं मी त्याला सांगितलं नव्हतं.

तो संघ तीन गुणांनी हरला. शेवटचं पत्रक मी तपासलं, नव्या गुणलेखकाने दोन ठिकाणी खाडाखोड केली होती. तळाशी शेरा लिहिला.

आठवड्याने शेजारच्या तालुक्यात तो खेळला. तिथल्या पंचाने मला फोन केला, "सर, तुमचा पोट्टा भारी खेळला, घोटा लवकर बसला त्याचा." नाव बाहेर येऊ द्यायचं नव्हतं ना? तीन दिवसांत पानटपरीवर सगळ्यांना ठाऊक होतं. आवृत्ती अशी फिरत होती की एका पोट्टीने काहीतरी नाटक केलं म्हणून सरांनी आपला माणूस बसवला आणि आपण फायनल हरलो. तिने पहाटे मैदानावर येणं बंद केलं. तो येतो. सोळाशेची वेळ लावतो, माझ्याकडे बघून नमस्कार करतो.

त्यानंतर मी रात्री मोबाईलवर वाचत बसू लागलो. मोठे लोक हे कसं करतात ते बघायचं होतं. दिसलं ते असं की मोठ्यांचाही गोंधळच आहे, फक्त त्यांच्याकडे वकील आहेत. अमेरिकेतल्या फुटबॉल लीगने 2014 मध्ये रे राइस या खेळाडूला, होणाऱ्या बायकोला मारल्याबद्दल, दोन सामन्यांची बंदी घातली होती. मग लिफ्टमधलं चित्रीकरण बाहेर आलं आणि दोन सामन्यांची बंदी बेमुदत झाली. ती पुढे लवादाने उठवली, कारण एकाच गोष्टीची दोनदा शिक्षा झाली होती. म्हणजे लोकांनी पाहिलं तेव्हा गुन्हा वाढला. आपल्याकडे 2018 मध्ये शमीवर त्याच्या बायकोने आरोप केले तेव्हा मंडळाने करार रोखला, पण चौकशी लावली ती पैशांच्या व्यवहाराची. त्यात काही निघालं नाही, दोन आठवड्यांत करार मिळाला. घरातल्या आरोपांचं बघायला कोर्ट. कोण खरं, कोण खोटं हे मला सांगता येत नाही, पण मंडळाला कुठल्या आरोपाने झोप लागली नाही ते कळतं. श्रीलंकेचा क्रिकेटपटू गुणथिलका याला 2022 च्या विश्वचषकात सिडनीत लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून अटक झाली, मंडळाने लगेच निलंबित केलं. पुढच्या सप्टेंबरात कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं, मग बंदी उठली. हे वाचताना मला मांडीवरचा तो थंड घोटा आठवला.

सगळ्यात जास्त वेळ मी ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगचा नियम वाचला. 2019 पासून तिथे अकरा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप पोलिसांनी ठेवला, की खेळाडू आपोआप खेळाबाहेर. पगार पूर्ण मिळतो. दोषी आहे असं लीग म्हणत नाही, निर्दोष आहे असंही नाही, निकाल लागेपर्यंत मैदानात नाही एवढंच. एका खेळाडूने कोर्टात आव्हान दिलं, तरी नियम टिकला. मी दोनदा वाचलं. बसवायचं, पण दोषी म्हणायचं नाही. आम्हीही तेच केलं होतं की. फरक एवढा की त्यांच्या कागदावर खरं कारण असतं. आमच्याकडे आरोप झाला होता हेच मी कागदावरून पुसलं, आणि पुसल्याबद्दल त्याला बक्षीस मिळालं आणि तिचे 300 रुपये गेले.

आमच्या शाळेतल्या एका बाईंना शेवटी सांगितलं. त्या आधी माझ्यावर चिडल्या, मग कपाटातून 2013 च्या कायद्याचं पुस्तक काढलं, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाचं. बोट ठेवून दाखवलं. कामाचं ठिकाण म्हणजे फक्त ऑफिस नाही, स्पर्धेचं मैदान त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. कामावरून नेण्या-आणण्यासाठी मालकाने दिलेलं वाहनसुद्धा. मानधनावरची बाई, रोजंदारीवरची, फुकट काम करणारीसुद्धा कर्मचारीच. म्हणजे ती मॅजिक आमच्या मैदानातच होती. अध्यक्षांचा 'मैदानाबाहेरचं' हा शब्द आणि त्यावर मी हलवलेली मान, दोन्ही चूक. जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला, तिथल्या तक्रारी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातात. आमच्याकडे मानधनावर नऊ माणसं होती, ड्रायव्हर धरून. तक्रारीची मुदत तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. तिथे त्यालाही बोलावतात, त्याचंही ऐकतात. पंचवीस वर्षं नियमांचं पुस्तक खिशात ठेवून फिरणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं.

गेल्या रविवारी तिच्या घरी गेलो. वडील शेतात होते, पऱ्हाट्या उपटत. आईने चहा ठेवला. मी कायदा, समिती, मुदत सगळं सांगितलं. अजून एकोणीस दिवस आहेत हेही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सर, फायनलचं पत्रक दाखवता?"

झेरॉक्स माझ्या पिशवीत होती. तिने आधी गुण तपासले, सवयीने. खाडाखोडीवर बोट थांबलं. मग तळाशी आली. बराच वेळ तिथेच.

"दुखापत असली तर कितव्या मिनिटाला झाली ते लिहावं लागते ना सर? तुमीच शिकवलं."

मी चहा पीत होतो.

"बाबांशी बोलते," ती म्हणाली. "समितीकडे जायचं झालं तर मले तुमचं पत्र लागल. ती दुखापत नव्हती असं. द्याल?"

देतो म्हणालो. त्याचा अर्थ मला समजतो. खोटी नोंद केल्याचं सरपंचाने स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं, म्हणजे पंचगिरी बहुतेक संपली. अध्यक्ष शाळेच्या संस्थेवरही आहेत. बायको म्हणते, देऊन टाका, आता काय राहिलंय. मुलगा म्हणतो, आधी वकिलाला विचारा.

घरी आल्यापासून तीनदा बसलो. 'मी, खाली सही करणार,' इथपर्यंत लिहून झालं आहे.